जिवाचं बोट

"काका, कॉफी गार होतेय. काय बघताय एवढं?" केतुतने ओट्यावरून आवाज दिला.

नेंगा सुतार फाटकाशीच थबकला होता. अंगणात त्याने कालच उभे केलेले बालेचे, चहूबाजूंनी मोकळ्या घराचे, सहा खांब आणि वर तुळया. छप्पर अजून चढायचं होतं. फणसाचं पिवळं लाकूड उन्हात उजळलं होतं, सांधे तर असे की नख शिरू नये. तरी सगळं दबलेलं वाटत होतं, मान खांद्यात घातलेल्या माणसासारखं. बांगलीच्या डोंगरात जन्मभर त्याने घरंच बांधली होती. नजर फसणं शक्य नव्हतं.

केतुतच्या वितीने आखलेला बांबू त्याने खांबाला लावला. माप तंतोतंत भरलं, आणि तिथेच घोटाळा होता. घरधन्याच्या शरीराचं माप घ्यायचं, वर बोटभर जास्त ठेवायचं, घरात जीव राहावा म्हणून. ते बोट तो साफ विसरला होता.

गप्प बसला असता तरी कुणाला कळलं नसतं. गुडघे ठणकत होते. घरी जाऊन नुसतं पडून राहावं असं त्याला फार वाटत होतं.

"केतुत, घर मेलेलं कापलंय मी. जिवाचं बोट राहिलं."

केतुतचा चेहरा उतरला. "बापाने लावलेलं झाड होतं हो ते. दुसरं कुठून आणू? कापलेलं काय वाढतंय होय?"

"वाढत नाही, कमी होतं. रिंतीची वीत तुझ्याहून लहान आहे. तिच्या मापाने सगळं पुन्हा तासतो, बोट राखून."

"म्हणजे घर बायकोच्या अंगाचं? गावात तोंड कसं दाखवू?"

"नका दाखवू," नैवेद्याच्या टोपल्यांसाठी नारळाची पानं कापत बसलेली रिंती म्हणाली. "नाहीतरी कोंबड्यांच्या झुंजी सोडून घरी असता कधी तुम्ही?"

केतुतने खांबावरून हात फिरवला आणि पुटपुटला, "घ्या तिचं माप."

नेंगाने नवा बांबू पुढे धरला. रिंतीने हात पुसला आणि बोटं होतील तेवढी लांब पसरली.

"ताणू नकोस पोरी. आहे तेवढीच हवी."

त्याने सुरीने खूण केली. खूण वाकडी गेली. त्याने ती पुन्हा केली.

"केतुत, इथे माझ्याजवळ बस," तो मान वर न करता म्हणाला. "जिवाचं बोट राखायची वेळ आली की मला आठवण करून दे."

केतुत त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.