लाल पट्ट्यावरचा चिमटा

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या त्या शाळेत वर्गावर्गात रंगांचा तक्ता टांगलेला असे. हिरवा, पिवळा, लाल. गुणी मुलाच्या नावाचा चिमटा हिरव्यावर, वात्रटाचा लालवर. पोराची अब्रू चारचौघांत वाळत घालायची सोय, दुसरं काय! तिसरीच्या मारित सोलबर्गबाईंनी आल्या आल्या तो तक्ता कपाटामागे सरकवला. त्याऐवजी रोज सकाळी मुलं गालिच्यावर गोल करून बसत, एकमेकांची विचारपूस करत. नियम एकच. कुणी कुणाला दुखावलं, तर ते निस्तरल्याशिवाय कुणीच उठायचं नाही.

बाई नव्या होत्या. त्यांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे मुख्याध्यापक ह्यूगन ठरवणार होते.

फेब्रुवारीत ह्यूगन तपासणीला आले ते नवा तक्ता आणि मुलांच्या नावांचे चिमटे घेऊनच. मुलं गोलात बसलेली असतानाच त्यांनी तो फळ्यावर लावला, आणि नेमका तो धप्पकन खाली पडला. टेसा खुदकन हसली. दुसरीत वर्षभर तिचा चिमटा लालवर होता. शाळेचं नाव काढलं की पोरीच्या पोटात दुखायचं. आत्ता कुठे ती हसायला लागली होती.

"सुधारली नाही वाटतं ही अजून," म्हणत ह्यूगननी तक्ता पुन्हा लावला आणि तिचा चिमटा लालवर अडकवला.

टेसाची मान खाली गेली. गप्प बसलं तर आपली नोकरी वाचेल, हे बाईंना कळत होतं.

तेवढ्यात तिच्या शेजारी बसलेली हिबो म्हणाली, "सर, तुम्ही टेसाला दुखावलंत. आता उठायचं नाही."

"अगं, ते उभेच आहेत!" कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर आधी बसा म्हणतेय ना!"

ह्यूगनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मिस सोलबर्ग, आवरा यांना."

बाई गालिच्यावर थोड्या सरकल्या. "बसा ना सर. इथे जागा आहे."

"तुमचा निर्णय पुढच्या महिन्यात व्हायचाय, विसरू नका."

"नाही विसरले. पण टेसाचं आजच निस्तरायला हवं."

ते दार आपटून निघून गेले.

"बाई, तुम्हाला काढून टाकतील?" टेसानं हळूच विचारलं.

"टाकतीलही." या पोरांशी खोटं बोलणं बाईंच्या जिवावर आलं. "पण त्यात तुझा काही दोष नाही गं. तू हसलीस, एवढंच."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाहेर घसरगुंडीसाठी झकास बर्फ पडला होता.

"ज्यांना जायचंय त्यांनी जावं," बाई म्हणाल्या.

पोरांनी खिडकीकडे पाहिलं, मग टेसाकडे. एकही उठलं नाही. हिबोनं तर बूटच काढून ठेवले.

भिंतीवरच्या स्पीकरमधून ऑफिसातल्या बाईंचा आवाज आला, "तिसरीचा वर्ग मैदानावर का नाही?"

मारितबाईंनी स्पीकरकडे तोंड करून आवाज चढवला. "ह्यूगन सरांना सांगा, त्यांच्यासाठी थांबलोय."