मैदानाला एक फेरी

डिंप्ना मॅकगेटिगनने घरातून निघतानाच स्वतःला बजावलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. सलूनमध्ये गिऱ्हाइकांचे केस कापता कापता अख्ख्या ओमा गावाची खबर घेणाऱ्या बाईला हे जमणं कठीणच. पण आज तिच्या तेरा वर्षांच्या ब्रोनाला शाळेतून काढून टाकण्याबद्दल बैठक होती. काढलं तर दुसरी शाळा तिला घेणार नव्हती. पोर घरात बसणार होती.

ब्रोनाला ऑटिझम आहे. तिच्यासाठी शाळेत एक लाल कार्ड ठरलेलं होतं. गोंगाट सोसेनासा झाला की कार्ड दाखवायचं, मैदानाला एक फेरी मारायची आणि परत वर्गात यायचं. सगळं छान चाललं होतं. मग गणिताला नव्या क्विग्लीबाई आल्या, आणि महिनाभरात ब्रोनाने त्यांना ढकललं. बाईंचं मनगट मुरगळलं.

आता त्या मनगटाला पट्टी बांधून समोर बसल्या होत्या. शेजारी मुख्याध्यापक डेव्हलिन, शिक्षण खात्याच्या अधिकारी बाई आणि शाळा समितीचे अध्यक्ष फादर मॅकॅलिअर.

"निर्णय समिती घेईल," डेव्हलिन म्हणाले. "त्याआधी आईचं आणि मुलीचं ऐकून घ्यायचा नियम आहे."

"मग ऐका ना!" डिंप्नाचं मौन तिथेच संपलं. "तिला कार्ड दिलंय ना तुम्ही?"

"कार्ड म्हणजे शिक्षकांना मारायचा परवाना नव्हे, मिसेस मॅकगेटिगन," डेव्हलिन म्हणाले.

"माझी पोर मारकुटी नाही!"

"हळू बोला हो, हळू!" असं फादर सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. डिंप्नाशेजारी बसलेल्या ब्रोनाने कान झाकले. मग ती उठली आणि कार्ड घेऊन दाराकडे निघाली.

फादर भला माणूस. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या दारात उभे राहत आणि हात मिळवल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत. त्याच सवयीने ते लगबगीने दारात गेले, दोन्ही हात पसरून. "अगं, चहा न घेता कुठे निघालीस?"

ब्रोनाने कार्ड पुढे केलं. फादरांचा चष्मा टेबलावर राहिलेला. "वा, माझ्यासाठी?" म्हणत त्यांनी ते हसत हसत खिशात टाकलं.

डिंप्ना खुर्चीतून उठली. ब्रोनाचे दोन्ही तळवे वर उठले होते. आता ही सगळ्यांदेखत फादरांना ढकलणार, आणि संपलं सगळं!

"फादर, दार सोडा!"

ओरडल्या त्या क्विग्लीबाई. फादरांशी या आवाजात बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. ते असे बाजूला उडाले की भिंतीवरचा नकाशा खाली आला. ब्रोना बाहेर पडली.

सगळे खिडकीशी धावले. क्विग्लीबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "मीही अशीच दारात उभी राहिले होते. तिने कार्ड दिलं, मला वाटलं चेष्टा करतेय. मी ते खणात टाकलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं हो!"

अधिकारी बाईंनी डेव्हलिनकडे पाहिलं. "सांगायचं राहिलं," ते पुटपुटले.

"फाटक उघडं आहे!" फादर म्हणाले.

ब्रोना फाटकापर्यंत पोचली आणि थांबली. पलीकडे मोठा रस्ता, ट्रकांची ये-जा. मग ब्रोना वळली, कुंपणाला धरून चालत राहिली.

"वळली! वळली!" जिल्ह्याच्या टायरोन संघाने अंतिम सामन्यात गोल मारल्यासारखे फादर नाचले. डिंप्नाने त्यांना मिठीच मारली, आणि मग दोघंही लाजले.

ब्रोना फेरी पुरी करून आत आली, खुर्चीत बसली आणि घड्याळाकडे बघत म्हणाली, "आता माझा गणिताचा तास आहे. मग मी इथे काय करतेय?"

डेव्हलिननी फादरांकडे पाहिलं. फादरांनी तिला काढून टाकायची फाईल मिटली आणि नकारार्थी मान हलवली.

क्विग्लीबाईंनी चांगल्या हाताने पिशवी उचलली. "चल ब्रोना," त्या म्हणाल्या, "उशीर होतोय आपल्याला."