इंजिनाचं तेल जातं कुठे

आमचा ड्रायव्हर इसहाक रोज संध्याकाळी ट्रॅक्टरच्या इंजिनातलं तेल काढायचा आणि डबा उचलून आपल्या झोपडीकडे जायचा. सकाळी तोच डबा गोणपाटात गुंडाळून आणायचा, तेल परत ओतायचा, हँडल मारून ट्रॅक्टर सुरू करायचा. आता मला सांगा, चोरी नाही तर गोणपाट कशाला?

सेहेचाळीस सालचा पौष होता. लढाईपायी आमच्या कळसाडीत असलं तेल बघायला मिळत नव्हतं. मी आमच्या ह्यांना म्हटलं, हा अर्धं विकतो आणि अर्ध्यात काहीतरी मिसळतो. हे हसले. थंडीनं तेल घट्ट होतं, गरम करून घातलं नाही तर हँडल फिरतच नाही म्हणाले. मग ट्रॅक्टर उभा असतो त्या गोठ्यातच का नाही तापवत? तर तिथे कडबा, विस्तवाला ह्यांचीच बंदी. उत्तर तयारच. मला ते मुळीच पटलं नाही. इसहाकला मी आधीच बजावून ठेवलं होतं, ज्या सकाळी ट्रॅक्टर सुरू होणार नाही त्या सकाळी तू परत तुझ्या नवापूरला चालता हो.

शेवटी एका पहाटे उखा सालदाराला घेऊन मी त्याच्या दारात उभी राहिले. "चोरा, बाहेर नीघ," म्हणाले, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं.

दार उघडंच होतं. आत बाजेवर त्याची बायको रूपीबाई, नऊ दिवसांची बाळंतीण. पोराला पोटाशी धरून कुडकुडत होती. बाजेखाली शेकाची शेगडी नव्हती. ती कोपऱ्यात होती आणि तिच्यावर आमचा डबा.

चार बाळंतपणं झालीत माझी. पहाटेचा शेक काय असतो ते मला कुणी सांगायला नको.

"तेल तपनं म्हंजे मंग तिले शेक देस," इसहाक खाली बघून म्हणाला. "इंजिन चालनं नही तं तुम्हीन काढी देशात."

मी पदरानं डबा उतरवला. बोटं भाजली. शेगडी बाजेखाली सरकवली आणि म्हटलं, उद्यापासून तेल माझ्या चुलीवर तापेल. रूपीबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मालकीन, चोर म्हनात ते उखानी आयकं शे," इसहाक म्हणाला.

गड्यासमोर शब्द मागे घ्यायची मला सवय नाही. तरी दारात येऊन उखाला सांगितलं, वस्तीला ऐकू जाईल असं, की चोर कुणी नव्हता, मीच खोटी पडले.