काठी कामावर गेली आहे

मित्रांनो, मी एक जुनी हॉकी स्टिक आहे. जुनी म्हणा, चालेल. मोडकी म्हणाल तर मला खपणार नाही. माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. तुतीचं लाकूड वाफवून, वाकवून कारागिरांनी माझं डोकं घडवलं, वेताची मूठ बसवली आणि तिच्यावर घट्ट दोरा गुंडाळला. इतकं सगळं करून गावात मला लोक काय म्हणतात? 'हॉकीची काठी'! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला केवढा धक्का बसला होता. काठीनं म्हशी हाकतात हो! पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की ज्याच्या हाती मी पडले आहे तो माणूस मला आयुष्यभर धक्केच देणार आहे.

त्याचं नाव भिमाजी. नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या एका लहानशा गावचा शेतकऱ्याचा मुलगा. पलटणीत भरती झाला, तिथं हॉकी शिकला आणि बघता बघता सैन्यदलाच्या संघात पोचला. अंगानं आडवा, पण पायात भिंगरी. माझ्यावर त्याचा भारी जीव. रोज संध्याकाळी मला जवसाचं तेल चोळायचा. इथपर्यंत सगळं छान होतं.

मग पुण्याला एका मोठ्या स्पर्धेचा शेवटचा सामना झाला. दोन्हीकडे एकेक गोल, आणि खेळाची पाचच मिनिटं उरलेली. मी चेंडू असा काही हाणला, की गोलकीपर नुसता बघतच राहिला. गोल! लोकांनी टोप्या उडवल्या. आणि आमचा भिमाजी काय करतो? हात वर करून तो अंपायरकडे चालत गेला आणि म्हणाला, "साहेब, मारायच्या आधी चेंडू माझ्या पायाला लागला होता. गोल धरू नका." मी गारच पडले! अंपायरनं पाहिलं नव्हतं, समोरच्या खेळाडूंनी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं फक्त मी, आणि मी गप्प बसले होते ना! गोल रद्द झाला. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला आणि कप त्यांच्याकडे गेला. मी रागानं नुसती धुमसत होते. पण मैदानाबाहेर येऊन बघते तर काय, कप जिंकलेल्यांच्या भोवती चार माणसं आणि हरलेल्या भिमाजीभोवती ही गर्दी! कुणी त्याचा हात हातात घेत होतं, कुणी त्याच्या पाया पडायला बघत होतं. तो आपला लाजून मान खाली घालून उभा. मला काही म्हणजे काही उमगलं नाही.

पुढं भिमाजी पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आला. मला वाटलं होतं, आता मला मखमली खोळ मिळेल. कसलं काय! घराच्या भिंतीत एक खुंटी ठोकली आणि तिथं मला टांगलं. वर त्यानं माझ्याकडून चक्क चिंचा पाडल्या. सैन्यदलाच्या संघातली मी, आणि चिंचा! त्याची बायको मनकर्णा तेवढी शहाणी. ती म्हणायची, "आवं, लोकं हिला बघाया नगरवरनं येत्यात, अन् तुमी हिनं चिचा पाडताय?"

"लोकांनाच द्यायच्यात त्या चिचा," असं म्हणून तो हसायचा.

आणि लोक खरंच यायचे. नगरहून, पुण्याहून. तो त्यांना बाजेवर बसवायचा, आपण खाली बसायचा, आणि जाताना त्यांच्या पिशवीत चिंचा नाहीतर भुईमुगाच्या शेंगा घालायचा. आलेल्या प्रत्येक पत्राला स्वतःच्या हातानं पोस्टकार्ड लिहायचा. एकदा नगरच्या हॉकीप्रेमी मंडळाचं पत्र आलं. मंडळाचे चिटणीस शामकांत, पेशानं कारकून. त्यांनी लिहिलं होतं, 'आपली स्टिक आम्हांस द्यावी. तिच्यासाठी आम्ही काचेचं सागवानी कपाट करून घेत आहोत.' भिमाजीनं उत्तर धाडलं, 'काठी तुमचीच समजा. कधीही येऊन घेऊन जा.' अहाहा! काचेचं कपाट! त्या दिवसापासून मी खुंटीवर ताठ मानेनं लटकत होते.

पण बहात्तर साली पाऊस पडलाच नाही. विहिरीनं तळ दाखवला आणि अख्खा गाव दोन मैलांवरच्या नव्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला. भिमाजीही गेला. त्या दिवशी मनकर्णा घरी आलेल्या एका बाईला सांगत होती, "मुकादम ह्यांना म्हनला, हवालदार, तुमी सावलीत बसून देखरेख करा. तर हे म्हनत्यात, सावलीत लंकामावशीला बसवा, मला हातुडा द्या." मुकादमानं ते काही मानलं नाही. त्यामुळं लंकाबाईही उन्हात आणि भिमाजीही उन्हात.

ही लंकाबाई आमची शेजारीण. सत्तरीची, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. तिला मागंपुढं कुणी नव्हतं. एक दिवस खडीचा ढीग घसरून तिच्या पायावर आला आणि घोटा मोडला. हाडवैद्यानं पाय बांधला. दीड महिन्यानं पायाला बांधलेल्या बांबूच्या कांब्या काढल्या, पण पाय काही भार घेईना. मनकर्णानं भाकरी पाठवली तर ती परत पाठवायची. म्हणायची, "मला बसून खानं जमत न्हाई. कामावर जाईन तवा खाईन." कामावर गेलं तर रोजाचे पैसे आणि खायला सरकारी सुकडी, न जाईल त्याला काय मिळणार? दोनदा ती बाभळीची काठी घेऊन निघाली आणि दोन्ही वेळा वेशीपाशी पडली. सरळ काठीला तिच्या म्हाताऱ्या हाताची पकडच बसेना.

भिमाजी घरात आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.  त्यानं मला काढलं, झटकलं, आणि मित्रांनो, मला उलटं धरलं! मूठ जमिनीला आणि डोकं वर! शेजारी जाऊन माझं वाकडं डोकं त्यानं लंकाबाईच्या पंजात दिलं.

"आरं भिमा, ही तुजी बक्षिसाची काठी. मला नगं," ती म्हणाली.

"मावशी, तुज्या हातात कशी बसली बघ. तुज्यासाठीच वाकवल्यागत."

तो तर माझ्यासाठी भूकंप होता. दुसऱ्याच दिवशी लंकाबाई मला टेकत टेकत दोन मैल चालत कामावर गेली. माझी सुंदर मूठ खडीत घासत होती आणि मी वाटभर तिला नावं ठेवत होते. भिमाजीनं तसं कळवायला नगरला दुसरं कार्ड टाकलं, पण ते पोचायच्या आत शामकांत मला न्यायला निघालेसुद्धा होते.

भर दुपारी ते कामावर आले. धोतर धुळीनं माखलेलं, काखेत माझ्यासाठी आणलेली मखमली खोळ. डोक्याला फडकं बांधून खडी फोडणाऱ्या एका माणसाला त्यांनी विचारलं, "अहो, इथं भिमाजीराव कुठं भेटतील? फार मोठे हॉकीपटू आहेत ते."

"आधी पानी प्या. उन्हाचं आलाय," तो माणूस म्हणाला आणि त्यानं आपला तांब्या पुढं केला. शामकांत सगळं पाणी प्यायले. ते त्या माणसाचं दिवसभराचं पाणी होतं.

मग तो म्हणाला, "भिमाजी मीच."

शामकांत त्याच्या जवळ सरकले. त्यांनी ते फोड आलेले हात पाहिले आणि कसंबसं विचारलं, "आणि... काठी?"

भिमाजीनं बोट दाखवलं. लंकाबाई मला टेकत खडीच्या ढिगाकडं चालली होती.

"अहो, हे काय केलंत!" शामकांत कळवळून म्हणाले. "रविवारी सत्कार आहे. कपाट तयार आहे, तुमच्या नावाची पितळी पाटी लावली आहे. पाहुण्यांना आता दाखवू काय?"

भिमाजीनं मान खाली घातली. "चुकलं माजं. शब्द दिला अन् मोडला. पन मावशीकडनं परत मागनं मला व्हनार न्हाई."

माग! माग की! मी मनातल्या मनात ओरडत होते. आणि माझं ओरडणं ऐकल्यासारखी लंकाबाई मागं वळली. तिनं सगळं ऐकलं होतं. सरळ येऊन तिनं मला शामकांतांच्या हातात दिलं. "घ्या सायेब. माज्यापायी भिमाचा शबुद खाली पडाया नगं. म्या जाईन हळूहळू."

शामकांतांनी मला मखमलीत घातलं. काय ती मऊ खोळ! मला आता नगर दिसत होतं, काच दिसत होती, पितळेची पाटी दिसत होती. आणि लंकाबाई चालू लागली. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्या पावलाला पायाखालची खडी सरकली आणि ती दोन्ही गुडघ्यांवर पडली. ओरडली नाही. तिचा उजवा हात मात्र खडीत काहीतरी चाचपडत होता. तो हात मलाच शोधत होता, मित्रांनो.

भिमाजी धावला, पण त्याच्या आधी शामकांत पोचले. त्यांनी खोळ ओरबाडून काढली आणि माझं डोकं तिच्या पंजात दिलं. "आजी, धरा. घट्ट धरा."

त्या खरखरीत पंजानं मला धरलं आणि माझ्या मनात काय यावं? 'सुटले बाई!' आजवरच्या सगळ्या धक्क्यांत हा मोठा. मीच मला ओळखेना.

शामकांत तिथंच खडीवर बसले. खिशातून त्यांनी वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण काढलं. त्यावर भिमाजीचा फोटो होता. "त्या दिवशी पुण्याला मी प्रेक्षकांत होतो. तुम्ही स्वतःचा गोल नाकारलात, तेव्हा मी तुम्हाला शिव्या घातल्या होत्या. आणि घरी जाऊन हे कापून ठेवलं. का ठेवलं, मला सांगता येत नव्हतं."

भिमाजी भारी अवघडला. म्हणाला, "तुमाला लई ऊन लागलंय. चला, सावलीत बसा."

रविवारी भिमाजी सत्काराला गेला. तिथं काय झालं ते त्यानं परत आल्यावर लंकाबाईला सांगितलं. पडदा दूर केला तर कपाट रिकामं! लोक चकित झाले, पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. आत नुसता एक पुठ्ठा होता आणि त्यावर शामकांतांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'काठी कामावर गेली आहे.' मग शामकांतांनी सगळी हकिगत सांगितली, आणि म्हणे टाळ्या काही केल्या थांबेनात.

"अन् तू काय केलंस?" लंकाबाईनं विचारलं.

"मी काय करनार? मान खाली घालून हुबा राहिलो."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. नगरच्या मंडळानं आमच्या गावच्या माळावर एक सामना ठेवला. अंपायर शामकांत. लंकाबाई मला मांडीवर घेऊन कडेला बसली होती, भिमाजी तिच्या शेजारी. कुणीतरी चेंडू जोरात मारला आणि तो गडगडत थेट आमच्यापाशी आला. लंकाबाई माझ्या आधारानं उठली. तिनं चेंडूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, भिमाजीच्या खांद्याला धरलं आणि मला सुलटं केलं!

टक्क!

किती वर्षांनी ऐकला मी तो आवाज! चेंडू सरळ शामकांतांच्या दोन पायांमधून गेला. सगळा माळ ओरडला. भिमाजी पोट धरून हसत होता आणि हसता हसता डोळे पुसत होता.

"भिमा," लंकाबाई म्हणाली, "हिच्यात आजून लई जोर हाय रं!"

मित्रांनो, तुमच्याही घरात खुंटीवर कुणीतरी लटकत असेल. खाली काढा तिला. कुणाच्या तरी हाताला ती नक्की बसेल, सुलटी नाहीतर उलटी. फक्त तेल लावायला विसरू नका. लंकाबाई स्वतःच्या केसांना लावायच्या तेलातलं थोडं मला रोज लावते. आणि कधी नगरला गेलात, तर ते रिकामं कपाट जरूर बघा. माझी वाट मात्र बघू नका. मी कामावर आहे.