दाराचा डोळा

आमच्या गावात कुणाला पत्ता विचारू नका, असं मी बाहेरच्या माणसाला आधीच सांगून ठेवायचो. पत्ता सांगणारा मनापासून सांगतो, हातवारे करतो, वेळ असला तर चार पावलं बरोबर चालतोसुद्धा. पण सांगतो रंगानं. चॉकलेटी दारापाशी वळा, पिवळ्या खिडक्या मागे टाका, मग लाल जिना लागेल. गल्ल्यांना नावं आहेत, नाही असं नाही, पण ती फक्त पाट्यांनाच माहीत.

माझं केस कापायचं दुकान बसथांब्यासमोर. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बसतं आणि रस्ता माझ्या पाठीला असतो, त्यामुळे सगळं गाव मी आयुष्यभर आरशात उलटं बघत आलोय. कोण उतरलं, कोण भांडून बसमध्ये चढलं, गिऱ्हाइकाच्या टाळूवरून सगळं दिसतं.

तर आमच्या वहिनीची गोष्ट. माझा मोठा भाऊ कुलुपं दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा मागे राहिलं खाली कुलुपांचं दुकान, वर तीन खोल्या आणि वहिनी. पुतणी शहरात नोकरीला. ती आईच्या मागं लागली, एकटीनं काय करणार इथं, चल माझ्याकडे. वहिनी म्हणाली, वरच्या खोल्या पाहुण्यांना देते, खिडकीतून नदी दिसते, जुना दगडी पूल दिसतो, लोक येतील. पुतणीनं कबूल केलं, पण एकाच हंगामापुरतं. हंगामभर खोल्या रिकाम्या राहिल्या तर मी स्वतः येऊन घराला कुलूप लावते आणि तुला घेऊन जाते, म्हणाली. कुलुपवाल्याचीच पोरगी, तिच्या तोंडी दुसरं काय येणार.

वहिनी माझ्याकडे येऊन बसली. रडणारी बाई नाही ती. एवढंच म्हणाली, "भाऊजी, तिच्याकडे मी खिडकीतली कुंडी होईन. पाणी वेळेवर मिळेल, तेवढंच."

मग पदर खोचला आणि लागली कामाला. भिंतींना चुना, खिडक्यांना नवे पडदे, गाद्या उन्हात घालून घालून कापूस पुन्हा जिवंत केला. आणि कुलुपं अशी केली की किल्ली लोण्यात घातल्यासारखी फिरायची. नवऱ्याच्या हाताखाली इतकी वर्षं उगाच नव्हती बसली.

नेमकं त्याच हंगामात आमच्या नगराध्यक्षांच्या डोक्यात गाव शिरलं. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर येईपर्यंत गावाची खैर नाही. त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर एका गावाचा फोटो बघितला होता. सगळ्या भिंती पांढऱ्या, सगळी दारं निळी. म्हणाले, लोक आपल्या गावात चहा प्यायला उतरतात आणि चहा संपला की जातात. जाता कामा नयेत. बघत उभे राहिले पाहिजेत. रंग नगरपालिकेचा, हात तुमचे.

आणि खरं सांगतो, गाव दिसलं. आमचं गाव उतारावर आहे, घरं एकमेकांच्या खांद्यावरून नदीकडे डोकावतात. त्या उतारावर तो पांढरा आणि तो निळा असा काही उठला की मीही हातातली कात्री खाली ठेवून बघत उभा राहिलो. एरवी ज्या बाईनं उंबऱ्याबाहेर केर लोटला असता, तिनं दारात फुलांची कुंडी आणून ठेवली. अध्यक्षांनी स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चार दारं रंगवली, आणि वाईट नाही रंगवली. बसमधले लोक चहाचा कप हातात घेऊन फोटो काढायला लागले.

फक्त एक झालं. कुणालाच काही सापडेना.

आमच्या गल्लीतला शिंपी एका दुपारी घरी गेला, चपला काढल्या, टेकून बसला, समोर आलेला चहा प्यायला, आणि कप खाली ठेवून विचारलं, "ही कुठं गेली?"

ती बाई म्हणाली, "तुमची तुमच्या घरी असेल. हे आमचं आहे."

"मग चहा का दिलात?"

"तुम्ही बसलात म्हणून."

हे आपलं घरातलं झालं, हसून सोडलं. पण दारं निळी झाली तरी गावाची जीभ जुन्याच रंगात बोलत होती. चॉकलेटी दारापाशी वळा. कुठलं चॉकलेटी? आता निळं आहे ते, पण चॉकलेटी म्हणजे चॉकलेटीच. आमची वहिनी तर सगळ्या गावाला 'हिरव्या दारवाली' म्हणूनच माहीत. तिनं स्वतःही पहिल्या पाहुण्यांना फोनवर सवयीनं तेच सांगितलं, की उतरल्यावर हिरवं दार विचारा, शेंबडं पोरही दाखवील.

ते पाहुणे आले त्या दिवशी अध्यक्ष माझ्या खुर्चीत होते, गालाला फेस लावलेला. आरशात बघतो तर एक नवराबायको बसमधून उतरले, हातात बॅगा, चपलांच्या दुकानात काहीतरी विचारलं आणि डावीकडे गेले. थोड्या वेळानं उजवीकडून आले. पुन्हा डावीकडे गेले. अध्यक्ष आरशातच खूश होऊन म्हणाले, "बघा, पाय निघत नाही त्यांचा. तिसऱ्यांदा बघतायत तीच गल्ली." मीही मान डोलावली. मग चौथ्या खेपेला त्या नवऱ्यानं कपाळाचा घाम पुसला, बायकोनं बॅग दणकन खाली ठेवली, आणि परतीची बस लागली तशी दोघं तिच्यात चढून बसले.

वहिनी वरच्या खिडकीत उभी होती. तिथून रस्ता दिसतो, माणसं दिसतात, पण कोण कुणाला शोधतंय हे दिसत नाही. चहाचं पाणी आटेपर्यंत तिनं वाट बघितली. संध्याकाळी मी जाऊन सांगितलं तेव्हा गादीवरची नवी चादर काढून घडी घालायला लागली. त्यातच फोन वाजला, पुतणीचा. खोल्या भरल्या का, हे विचारायला.

अध्यक्षांना कळलं तर ते बिचारे दुसऱ्याच दिवशी पत्र्याचे नंबर घेऊन आले आणि प्रत्येक दारावर ठोकले. आमची बायको म्हणाली, नंबर तुरुंगात देतात. पण ठोकू दिला. उपयोग शून्य. कुणी वहिनीच्या घराचा नंबर विचारला की चपलांचा दुकानदार डोकं खाजवायचा आणि उलट विचारायचा, "हो, पण रंग कुठला?"

वहिनी दुकानात आली ती दाढीची वाटी मागायला. माझी जुनी पितळी वाटी, जिच्यात मी साबण फेसतो ती. कशाला, विचारलं.

"लोकांची जीभ बदलायची नाही, भाऊजी," ती म्हणाली. "दार बदलू."

मी गिऱ्हाईक तसंच सोडून तिच्या मागं गेलो. तिनं वाटी किल्लीच्या भोकावर पालथी धरली, भोवती पेन्सिलीनं गोल काढला, आणि त्या गोलाच्या आत ओल्या पॉलिश पेपरनं घासायला लागली. हेतू एवढाच की खालचा हिरवा दिसावा, म्हणजे हिरवं दार म्हणणारा माणूस खोटा ठरू नये. गोल गोल घासत होती, कडेला हात हलका, मध्ये भार. निळ्याखालून हिरवा आला. हिरव्याच्या आत, भोकाच्या जवळ, गुलाबी डोकावला.

दोघं बघतच राहिलो. तो गुलाबी आम्ही विसरून गेलो होतो. पुतणी लहान असताना दार गुलाबी हवं म्हणून रुसून बसली होती, जेवेना. भावानं मुकाट्यानं रंगवलं. गिऱ्हाइकं त्याला चिडवायची, कुलुपवाल्याचं दार की बाहुलीचं घर? तो म्हणायचा, हे माझ्या पोरीला सांगा, हिंमत असेल तर.

वहिनी आणखी घासत गेली. गुलाबीच्या आत पिवळा, तो माझ्या आईच्या वेळचा. त्याच्या आत एक मातकट लाल, तो कुणाच्या वेळचा हे सांगायला आता कुणी उरलं नाही. मग लाकूड. आणि मधोमध किल्लीचं काळं भोक. दोन पावलं मागं सरून बघितलं तर दार आमच्याकडे बघत होतं. अगदी डोळा. पाणी निथळत होतं त्याच्यातून.

अध्यक्ष तडक आले. नव्या रंगाला हात कुणी लावला, हे विचारायलाच आले होते, चेहऱ्यावरून दिसत होतं. चष्मा लावला, वाकले, बघितलं. बराच वेळ वाकलेलेच. मला वाटलं कंबर धरली. मग सरळ झाले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आमच्या दाराखाली काय असेल हो?"

"घासल्याशिवाय कसं सांगू."

घासलं. निघाला जांभळा. घरातलं कुणीच तो जांभळा आपला म्हणेना. शेवटी अध्यक्षांच्या आईला बाहेर आणलं. म्हातारीनं बघितलं आणि म्हणाली, तुझ्या बापाला स्वस्तात मिळाला होता, मी बोलणंच सोडलं होतं त्याच्याशी. इतक्या वर्षांनी तिला त्याच गोष्टीचा नव्यानं राग आला, आणि मग हसू.

झालं. माझी वाटी दारोदार फिरायला लागली. वहिनी प्रत्येक दाराशी उकिडवी बसायची, आधी हातानं चाचपायची, रंगाचे थर किती आहेत ते बोटाला कळायचं तिला. चपलांच्या दुकानाचं दार नवं कोरं, खाली काहीच नाही. दुकानदार हिरमुसला, ब्रश घेऊन खोटी वलयं काढायला निघाला. वहिनीनं ब्रश काढून घेतला. म्हणाली, तुझा डोळा अजून मिटलेला आहे, राहू दे मिटलेला. आता ते 'मिटल्या डोळ्याचं दुकान' आहे, आणि गावात सगळ्यात सोपा पत्ता त्याचाच.

लांबून गाव तेच पांढरंनिळं, अध्यक्षांचं. जवळ आलं की प्रत्येक घर वेगळं बघतं. पूर्वी कुणाच्या दाराच्या भोकाशी डोळा नेणं म्हणजे मार खायचं काम. आता पाहुणे वाकून वाकून बघतात, आणि घरातली बाई आतून विचारते, हा केशरी कसा आला ते ऐकायचंय का? मग ती सांगते, शेजारीण मध्ये तोंड घालून दुरुस्त करते, आणि पाहुण्यांची बस निघून जाते. बस गेली की राहायला लागतं. राहायचं म्हटलं की वहिनी.

हंगाम संपत आला तशी पुतणी आली. कळवून नाही. आरशात दिसली, हातात एक भली मोठी बॅग, चालण्यावरून रिकामी वाटणारी. आईचं सामान भरून न्यायला आणलेली. डावीकडे गेली. थोड्या वेळानं उजवीकडून आली. निळी दारं तिनं कधी बघितलीच नव्हती. हाक मारणार होतो, जिभेवर आली होती. मग म्हटलं, शोधू दे.

तिनं चपलांच्या दुकानात विचारलं, कुलुपवाल्यांचं घर कुठलं. दुकानदार ती शहरात गेल्यावर इथं आलेला, तो काय ओळखणार तिला. तो अगदी कौतुकानं सांगायला लागला, "हिरव्याच्या आत गुलाबी डोळा बघा. त्या बाईंची पोरगी म्हणे लहानपणी रुसून बसली होती, जेवेना."

पोरगी तशीच पुढं निघाली. मी फडकं खांद्यावर टाकून दारात आलो. ती एकेक दार बघत गेली आणि एका दारापाशी थांबली. बॅग खाली ठेवली. बोट त्या गुलाबीवर ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली.

दार आतून उघडलं. वहिनीच्या खांद्यावर चादरी, केसांत कापसाचा एक पुंजका.

"आलीस? तिन्ही खोल्या भरल्यात. तुला खाली दुकानात झोपावं लागेल."

पुतणीनं डोळे पुसले, आणि बापासारखंच, न हसता विचारलं, "आणि मी कुलूप लावायला आले होते त्याचं काय?"

"लाव की," वहिनी म्हणाली. "आतून लाव."

दुसऱ्या दिवशी मी एकाची दाढी करत होतो. आरशात मायलेकी नदीकडे निघालेल्या दिसल्या. ती मोठी बॅग दोघींच्या मध्ये, एकेक पट्टा एकेकीच्या हातात, पाहुण्यांच्या धुवायच्या चादरींनी टम्म फुगलेली.