लोखंडाच्या देवाले बुंदीचा लाडू

आमच्या आईले भविष्य सांगता येते, हे तिले एकही पत्ता हातात घ्यायच्या आधीपासूनच माहीत होतं. पत्ते तेवढे मागून आले.

आणले माझा मावसभाऊ हर्षल यानं. तो जहाजावर नोकरीले आहे. मागच्या दिवाळीत आला तं सगळ्यांसाठी चॉकलेट अन् आईसाठी कुठल्याशा बंदरावरून एक रंगीत डबा. फ्रिजवर लावायचे मॅग्नेट आहेत असं समजून त्यानं तो घेतला होता. उघडला तं टॅरोचे पत्ते. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी हैती, क्यूबा, तिकडच्या बेटांवर जे देव जपले, ते त्या पत्त्यांवर होते. सोबत बारीक अक्षराची इंग्रजी पुस्तिका. आईनं पुस्तिका चाळली, चार-दोन व्हिडिओ पाहिले अन् आठवड्याच्या आत डोक्यावरून पदर घेऊन बैठकीत बसली.

"आई, आपल्याले या देवांचं काही माहीत तरी आहे का?" मी विचारलं.

"गीतू, देव म्हणजे आपल्या भिलाईच्या स्टील प्लांटसारखं असते. कोण कोणत्या डिपार्टमेंटले आहे एवढं समजलं की झालं."

मग तिनं डिपार्टमेंट वाटले. लेग्बा नावाचे एक म्हातारबुवा काठी घेऊन चौकात उभे. त्यांना आधी नमस्कार केल्याशिवाय बाकीचे देव बोलतच नाहीत. "गणपती," आई म्हणाली. "पुढे." समुद्राची माय येमाया. "आपली शिवनाथ नदी, जरा रुंद." मग उंच काळी टोपी, काळा चष्मा अन् चेहऱ्याच्या जागी कवटी असलेला बॅरन सामदी, स्मशानाचा मालक. मी जरा मागे सरकली. आईनं पुस्तिकेत पाहिलं तं त्याच्या नावाचा अर्थच शनिवार.

"शनिमहाराज! उडीद आण."

पुस्तिका म्हणे, याले मिरची घातलेली रम आवडते. रम घरात होती. बाबांच्या कपाटात, खोकल्याचं औषध म्हणून. पण ती काढली असती तं ती किती उरली आहे हेही निघालं असतं. म्हणून आईनं जलजिरा ठेवला. "रंग तोच, तिखटही आहे. एवढ्या दुरून आलेल्या पाहुण्याले काय फरक कळते?"

बाजूच्या क्वार्टरमधली निशा काकू पहिली गिऱ्हाईक. तिची मोलकरीण शालू चार दिवसांपासून गायब होती. आईनं पत्ता काढला अन् ठणकावून सांगितलं, "ती येईन." संध्याकाळी शालू आली. ती तशीही येणारच होती, गावाले लग्न होतं. पण सेक्टर 10 मध्ये बातमी पसरायले तेवढं पुरे झालं.

बाबा मात्र हसायचे. विजयकुमार साहेब, उभी नोकरी फर्नेसवर. "कागदाचे देव अन् जलजिऱ्याचा नैवेद्य," असं म्हणून पेपर उघडायचे. एक दिवस पाणी प्यायले उठले अन् टेबलापाशी थांबले. पत्त्यावर एक काळाकभिन्न, दणकट माणूस. हातात मोठा कोयता, मागे पेटलेली भट्टी.

"हा कोण?"

"ओगुन. लोखंड, भट्टी, हत्यारं, सगळं याच्याकडे."

बाबांनी चष्मा लावला. वाकून भट्टी पाहिली. मग माणूस पाहिला.

"हेल्मेट नाही घातलं यानं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा बदलले. ड्युटीवर जायच्या आधी विचारायचे, "आमचा माणूस काय म्हणून राहिला आज?" आईनं पत्ता काढला अन् ओगुन नाही निघाला तं म्हणायचे, "सेकंड शिफ्टले असन."

इथपर्यंत सगळी मजा होती. पण बाबा जानेवारीत रिटायर होणार होते, अन् क्वार्टर सोडावं लागणार होतं.

आईनं बाजूच्याच दुर्गले मोहन नगरात एक घर पाहून ठेवलं होतं. बैठं, मागे आंगण. अन् बाबांचे मोठे भाऊ दौलतराव, म्हणजे आमचे मोठे बाबा, त्यांनी नागपुरात मनीष नगरले स्वतःच्या घराचा खालचा मजला भावासाठी रिकामा ठेवला होता. वर ते, खाली आम्ही. मोठे बाबा माणूस चांगला. फक्त, बाबा साठीले आले तरी ते रोज सकाळी फोन करून विचारत, "विजू, पोट साफ झालं ना?" खालच्या मजल्यावरच्या मागच्या भाडेकरूच्या कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या की ते वरून काठी आपटत. तो भाडेकरू शेवटी कुकर घेऊन पळाला.

"मी सांगून ठेवते," आई म्हणाली, "उरलेलं आयुष्य मी कोणाच्या पायाखाली भात लावणार नाही."

"अगं, पण दादाले नाही कसं म्हणू? त्यानं मले शिकवलं."

"तोंडानं म्हणायचं."

"ते तुले जमते," बाबा म्हणाले अन् पेपरमागे गेले.

मग मोठ्या बाबांचा फोन आला. "रविवारी मी अन् राधा येऊन राहिलो, होकार घेऊनच जाऊ." बाबा दोन दिवस नीट जेवले नाही. शेवटी आईनंच तोड काढली. सगळ्यांसमोर पत्त्यांना विचारू. बाबांचा जीव भांड्यात पडला. "ओगुन ज्या बाजूले निघन, तिकडे आपण. माझा शब्द."

"आई, अन् तो नागपूरकडून निघाला तं?" मी स्वयंपाकघरात विचारलं.

"पत्ते कोणाचे आहे?"

"तुझे."

"मग?"

रविवारच्या आदल्या दिवशी प्लांटमध्ये विश्वकर्मा पूजा होती. बाबा कपाळावर टिळा लावून, प्रसादाचा पुडा घेऊन, भलत्याच खुशीत घरी आले अन् कोणाशी काही न बोलता झोपले. रविवारी सकाळच्या गाडीनं पाहुणे हजर. मोठ्या बाबांनी पाय धुवायच्या आधी बाबांची जीभ पाहिली. मोठ्या आईनं, म्हणजे राधाबाईंनी, टेबलावरचा जलजिरा पाहिला अन् त्या तो प्यायल्या. आईनं दुसरा भरून ठेवला.

"हे पाहा भाऊजी," आई पदर सारखा करत म्हणाली, "डावीकडे नागपूर, उजवीकडे भिलाई-दुर्ग. एकेक पत्ता काढीन. ओगुन जिथं, तिथं हे. ठरलं आहे."

"ठरलं," मोठे बाबा म्हणाले. "मी बी नागपूरहून मारुतीले सांगून आलो आहे."

आईनं लेग्बाचं नाव घेतलं, हात जोडले अन् पत्ते पिसायले घेतले. पत्ते पिसलेच जाईनात. मधेच अडून टक् टक् वाजत. "हवा दमट आहे," आई म्हणाली. तिनं डोळे मिटले, गठ्ठा कापला, पत्ता उचलला अन् डावीकडे ठेवला.

ओगुन.

"नागपूर!" मोठ्या बाबांनी एवढ्या जोरानं टाळी वाजवली की मोठी आई दचकली. "पाहिलं का विजू? देव बी म्हणते, भावाजवळ राह्य!"

मी बाबांकडे पाहिलं. ज्या माणसाले आता भावाले नाही म्हणायचं काम उरलं नव्हतं, त्याचा चेहरा मुनिसिपालटीच्या नळासारखा कोरडा पडला होता. आई मात्र पत्त्याकडेच पाहत होती. तिनं तो उचलला, नाकाजवळ नेला.

"अहो, याच्या कपाळाले कुंकू कोणं लावलं?"

बाबांनी पंख्याकडे पाहिलं.

"अन् पायापाशी ही बुंदी कशी?"

"ते... काल विश्वकर्मा पूजा होती ना. सगळे आपापलं हत्यार ठेवतात पूजेत. कोणी पाना, कोणी हातोडा. मी याले घेऊन गेलो, खिशात घालून."

"प्लांटमध्ये?"

"पंडितजीनं विचारलं, हे कोण? मी म्हणलं, बाहेरगावचे इंजिनियर आहेत. त्यांनी टिळा लावून देल्ला. मग नैवेद्य दाखवला तं लाडू पडला अंगावर. पुसला मी, खरंच पुसला. अन् रात्री गुपचूप गठ्ठ्यात सारला." बाबा थांबले. मग पंख्यालेच सांगितल्यासारखं म्हणाले, "शेवटची पूजा होती माझी. पुढच्या वर्षी मले गेटवरून आत कोण सोडते?"

मोठे बाबाही पंख्याकडे पाहायले लागले.

आईनं नखानं पत्त्याची कड उचकटली. चर्र आवाज झाला अन् ओगुनच्या पाठीले चिकटलेला दुसरा पत्ता सुटला. उंच टोपी, काळा चष्मा, दात.

"मायबाई! कवटी!" मोठी आई खुर्चीसकट मागे गेली.

"बॅरन साहेब," आईनं शांतपणे ओळख करून दिली. "स्मशान यांच्याकडे आहे. पाहा बाप्पा, लोखंडाचा देव नागपूरले गेला तं मागून कोण लागून येऊन राहिलं."

"ही चिटिंग आहे!" मोठे बाबा उसळले. "लाडवाच्या पाकानं चिकटला तो!"

"लाडू पडला कसा, भाऊजी? इतके वर्षं हे पूजेले जातात, यांच्या हातून कधी बुंदीचा दाणा पडला नाही. देवानं पाडला."

"मग भिलाईचा काढ! पाहू तिथं कोण निघते!"

"काढते ना. भीती आहे का कोणाची?"

आईनं उजवीकडच्यासाठी पत्ता उचलला. पत्ता एकटा आलाच नाही. पाक खालपर्यंत उतरला होता. लेग्बाबुवा, येमाया, आरसा धरलेली एर्झुली, साप, जुळी पोरं, असा अख्खा गठ्ठा तिच्या हाताले लटकला. आईनं तो सावकाश टेबलावर उजवीकडे ठेवला, जसं काही तिनं तसाच मागवला होता.

"हे काय?" मोठे बाबा.

उत्तर आईनं नाही दिलं. बाबांनी दिलं. ते उठून टेबलाजवळ आले अन् तो चिकट गठ्ठा हातात घेऊन हसायले लागले.

"हे आमचं सेक्टर 10 आहे, दादा. वर बंगाली, खाली तेलुगू, बाजूले मल्याळी, मागं छत्तीसगढी. वेगळे करायले गेलं तं फाटन." मग त्यांनी गठ्ठा खाली ठेवला, हात पँटीले पुसले अन् मोठ्या बाबांच्या डोळ्यात पाहून म्हणाले, "दादा, मी नाही येत नागपूरले. मले इथंच राह्यचं आहे."

पत्त्यांवर ढकलायची सोय समोर पसरली होती, तरी बाबांनी हे स्वतःच्या तोंडानं म्हटलं. आईनं पदराचं टोक तोंडात धरलं. मले वाटलं आता मोठे बाबा काठी शोधतील. त्यांनी टेबलावरचे पत्ते बोटानं मोजले.

"म्हणजे नागपुरात एक देव, तोही स्मशानवाल्यासोबत. अन् बाकी झाडून सारे इथं?"

"असंच दिसून राहिलं," आई म्हणाली.

"मग आम्ही तिथं कायले राहून राहिलो?"

कोणाच्याच लक्षात आलं नाही की गाडी कुठं वळली.

"विजू, ते मोहन नगरातलं घर. बाजूचंही रिकामं आहे म्हणे?"

"हाव!" मोठी आई खुलली. कवटी विसरून ती आईजवळ सरकली. "रत्ना, मधली भिंत पाडू. दोघी मिळून पापड लाटू. स्वयंपाक एकच!"

मी आईकडे पाहिलं. बाबांनी पेपर उचलला. तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला अन् टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

"थांबा भाऊजी," ती म्हणाली. "आतापर्यंत यांचं विचारलं. तुमचं वेगळं विचारावं लागते."

तिनं पिसायचं नाटकही केलं नाही. डब्याच्या तळातून एक पत्ता ओढला, स्वतःपुरता पाहिला अन् छातीशी धरला.

"काय निघालं?" मोठ्या बाबांनी मान पुढे केली.

"हा देव म्हणते, घरातल्या कर्त्या माणसानं आपली जागा सोडू नाही. सोडली तं पोट बिघडते."

मोठ्या बाबांचा हात आपोआप पोटावर गेला.

"दाखव बरं कोणता आहे."

"दाखवला तं फळ जाते."

हा नियम त्या दिवसापर्यंत कोणी ऐकला नव्हता. पण आईनं तो इतक्या ठामपणे सांगितला की मोठ्या बाबांनी दोन्ही हात जोडले. मी मागून जाताना पत्ता पाहिला. कोरा होता. डब्यात जास्तीचा एक येते ना, तो.

"गीतू," आईनं मागं न पाहता हाक मारली, "चहा ठेव. भाऊजींची परतीची गाडी आहे, चुकायले नको."