हलायचं नाही

लोकांची घोडी आधी आणि आपलं तट्टू शेवटी, हा नालबंदाच्या घरचा जुनाच न्याय होता. दिवसभर वाकून कंबरेचे टाके ढिले झाले, भट्टी विझत आली, की मग तो हाक मारायचा, "आणा त्या ढब्बूला." आणायला दुसरं होतं कोण? त्याची सहा वर्षांची मुलगी, ठिणगी, आणि ती ढब्बूला घेऊन केव्हाची दारात उभी असायची.

ढब्बू रंगाने मातकट, पोटाने भरपूर आणि आगाऊपणात सगळ्यांच्या वर. ऐरण, कोळसा आणि हत्यारांची पेटी लादलेली गाडी तो निमूट ओढायचा, पण कुणी पाय उचलायला गेलं की संपलं. त्याने मारलेली एक लाथ नालबंदाच्या बरगडीत अजून थंडीच्या दिवसांत जागी व्हायची. भलभल्या घोड्यांना वठणीवर आणणाऱ्या या माणसाने घरच्या तट्टापुढे मात्र हात टेकले होते.

ठिणगी तीन वर्षांची असताना एकदा अशीच झटापट चालली होती. ही पोरगी दुडुदुडु आली, ढब्बूने मान खाली घातली तशी त्याच्या नाकाडावर आपलं कपाळ टेकवून म्हणाली, "हलायचं नाही." आणि तो हलला नाही. नालबंदाचा हात हातोडीसकट तसाच राहिला. बायको दारातून म्हणाली, "पोर माझी, तट्टू तुमचं, आणि आपल्या दोघांना विचारतंय कोण?"

तेव्हापासून ती रीतच पडली. बाप पाय मांडीत धरून ठोकायचा, लेक कपाळ टेकून उभी राहायची. मध्येच बाप बजावायचा, "हलू देऊ नकोस हं त्याला. हलला तर खिळा वाकडा जाईल." हे त्याने तिला इतक्यांदा सांगितलं होतं, की ती झोपेतही म्हणाली असती.

आता खिळ्याचं असं असतं. खुराची बाहेरची कड म्हणजे आपल्या नखासारखी, तिला ना रक्त ना दुखणं. खिळा तिच्यातूनच वर निघाला पाहिजे. जरासा आत गेला की लागला जिवंत मांसात. वरून ते दिसत नाही. नालबंदाला ते दोनच गोष्टी सांगतात, हातोडीचा आवाज आणि घोडा. आवाज बोदा आला, घोड्याने पाय ओढला, की खिळा काढायचा. आवाज फसवतो, घोडा फसवत नाही, असं हा माणूस शिकाऊ पोरांना छातीठोकपणे सांगत आला होता.

त्या संध्याकाळी उजव्या पुढच्या पायाच्या चौथ्या खिळ्याला आवाज बोदा आला. नालबंद थांबला. पाय मांडीत शांत होता.

"बाबा, ह्याला दुखतंय," ठिणगी म्हणाली.

"कशावरून?"

"ह्यानं डोळे घट्ट मिटले."

"दुखलं असतं तर पाय ओढला असता. तू मला शिकवू नकोस."

त्याला भूक लागली होती, अंग आंबून गेलं होतं. त्याने आणखी दोन घाव घातले, टोक वळवलं, कानशीने घासलं. ठिणगी ढब्बूच्या कानात पुटपुटत होती, "झालं, झालं, शहाणा माझा, हलायचं नाही."

चार दिवसांनी ढब्बू लंगडू लागला. नालबंदाने खांदा चोळला. आपला नाल चुकेल हे त्याच्या डोक्यातच येईना. माणसाला स्वतःच्या हाताचा गर्व फार. आणखी चार दिवस खांदाच चोळत बसला. नवव्या दिवशी सकाळी ढब्बूच्या तोंडातून गवत तसंच खाली पडलं. जबडा उघडत नव्हता. शेपटी ताठ, कान ताठ, चारही पाय फळीला ठोकल्यासारखे.

नालबंदाने नाल उपटला. चौथा खिळा काळा आणि ओला निघाला. त्याला वास येत होता. तो त्याने झटकन खिशात टाकला, कारण ठिणगी मागेच उभी होती.

जनावरांच्या डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी ढब्बूच्या तोंडासमोर नुसती टाळी वाजवली, तशी त्याच्या अंगातून कळ गेली आणि डोळ्यांवर पांढरा पडदा सरकला.

"धनुर्वात," त्या म्हणाल्या. "लस कधी दिली होती?"

ढब्बूला ती कधी दिलीच नव्हती. गिऱ्हाइकांना लस द्या म्हणून त्यानेच भट्टीशेजारी पाटी लावली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

डॉक्टरीण बाईंनी इंजेक्शनं दिली, पण फार आशा दाखवली नाही. उजेड नको, आवाज नको, हात तर मुळीच लावायचा नाही, प्रत्येक स्पर्शाला झटका येईल, एवढं बजावून त्या गेल्या. नालबंदाने खिडकीला पोती लावली, ढब्बूच्या कानात कापूस घातला आणि ठोकठोक नको म्हणून भट्टी बंद ठेवली. घरात भांडंसुद्धा कुणी आपटेना.

"मी जाऊ?" ठिणगी विचारायची. "मी सांगितलं की तो थरथरायचा थांबेल."

"नाही."

"माझं ऐकतो तो."

"आता नाही ऐकणार, बाळा. आता त्याच्या हातात नाही ते."

पण सहा वर्षांच्या पोरीला हे कसं पटावं? दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागला तेवढ्यात ती अनवाणी आत गेली. नालबंद विहिरीवरून बादली घेऊन येत होता. दार किलकिलं दिसलं. तो पोचला तेव्हा तिने कपाळ टेकवलंच होतं.

ढब्बू एखाद्या लाकडी खेळण्यासारखा आडवा कोसळला. चारही पाय ताठ, मान मागे वळलेली. ठिणगी रडली नाही. भिंतीला पाठ लावून ती एकसारखी म्हणत राहिली, "हलायचं नाही, हलायचं नाही," आणि प्रत्येक शब्दाला तो अधिकच आचके देत होता. शेवटी बापाने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला उचलून बाहेर नेलं.

डॉक्टरीण बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी एकच इंजेक्शन आणलं होतं.

ढब्बूला पुरून आल्यावर नालबंद ओट्यावर बसला. ठिणगी त्याच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ ती पायाच्या बोटाने माती उकरत होती.

"बाबा, मी नसते तिथे, तर त्यानं पाय ओढला असता ना?"

नालबंदाच्या खिशात तो खिळा अजून होता. त्याने तो बाहेर काढून तिच्यासमोर धरला. "हा मी ठोकला. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, ठिणगे. सगळी माझी."

"पण त्यानं ओढला असता ना?"

खोटं बोलायला हवं होतं. जन्मात एकदा खोटं बोलायला हवं होतं, आणि नेमकी तेव्हा त्याची जीभ उचलली नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग उठून आत गेली.

आठवड्याने भट्टी पेटली. पहिलीच घोडी आली ती दूधवाल्याची, लाल, गरीब स्वभावाची. नालबंदाने तिचा पाय मांडीत घेतला. वर पाहिलं तर ठिणगी घोडीच्या तोंडाशी उभी. त्याला क्षणभर बरं वाटलं. पोर आली म्हणजे सावरतेय, असं त्याला वाटलं.

तिने कपाळ टेकवलं नाही. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून ती टाचा उचलून उंच झाली आणि घोडीच्या कानाशी हळूच बोलली. भट्टी धडधडत होती, तरी नालबंदाला शब्दन् शब्द ऐकू आला.

"दुखलं तर पाय ओढ. लाथ मार. हलू नको म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मी सांगितलं तरी ऐकू नकोस."

नालबंदाने पाय खाली सोडला. हातोडी त्याला पुन्हा उचलवेना.